ऑरा: मिनिटाला ३ मिलिमीटर

हल्ली मुंबईतल्या ‘वेलनेस’ मेळाव्यांत ऑराचे, म्हणजे माणसाभोवती असतं म्हणतात त्या तेजोवलयाचे, फोटो काढून मिळतात. तळवे यंत्रावर ठेवले की पडद्यावर आपलं डोकं जांभळ्या-हिरव्या ढगात बुडालेलं दिसतं. तळव्याखालचे सेन्सर त्वचेतून वीज किती सहज वाहते ते मोजतात आणि रंग भरायचं काम सॉफ्टवेअर करतं. घामेजलेल्या हातांतून वीज अधिक वाहते, म्हणजे मे महिन्यात या शहरात कुणाचं तेज कसं दिसेल ते सांगायलाच नको. कॉलेजातली मुलं ‘त्याचा ऑरा बघ’ म्हणतात ते परवडलं. कुणी आत आलं की खोलीतली हवा बदलते, एवढंच त्यांना म्हणायचं असतं.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही वाऱ्याची झुळूक असाच आहे. दुसऱ्या शतकातल्या गेलेन या वैद्याने अपस्माराच्या, म्हणजे फिट येणाऱ्या, एका तरुण रुग्णाचं सांगणं नोंदवलंय: झटक्याआधी थंड झुळूक अंगातून वर चढते. वैद्यकात हा शब्द असा आला. माणसाभोवतीचं रंगीत वलय हा अर्थ फार नंतरचा, थिऑसॉफी या गूढवादी पंथाच्या लोकांनी पसरवलेला.

खरी गंमत अर्धशिशीच्या ऑरात, म्हणजे बहुधा डोकं दुखण्याआधी दिसणाऱ्या खुणेत आहे. अर्धशिशीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश रुग्णांना तो होतो. नजरेच्या मध्याजवळ एक लुकलुकता ठिपका दिसतो, त्याची नागमोडी कमान होते आणि वीस-तीस मिनिटांत ती कडेकडे सरकत नाहीशी होते. मागे काही वेळ आंधळा पट्टा राहतो. डोळा बंद केला तरी हे दिसतंच, कारण बिघाड डोळ्यात नसून मेंदूच्या मागच्या भागात, दृष्टिकेंद्रात असतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांना हा त्रास होता. कमान सरकत असताना त्यांनी तिची चित्रं काढली, ती दृष्टिकेंद्राच्या नकाशावर बसवली आणि १९४१ मध्ये हिशेब मांडला: मेंदूत काहीतरी मिनिटाला ३ मिलिमीटर वेगाने सरकतंय. १९४४ मध्ये ब्राझीलचे शास्त्रज्ञ लिआओ हार्वर्डमध्ये सशांच्या मेंदूवर काम करत होते. त्यांना विद्युत-शांततेची, म्हणजे पेशींमधली विद्युत हालचाल थंडावण्याची, लाट पसरताना दिसली. वेग जवळपास तोच!

मज्जातंतूतला संदेश सेकंदाला कित्येक मीटर धावतो, मग ही लाट पावसाळ्यात भिंतीला ओल चढावी तशी का? कारण ती पेशींच्या मधल्या द्रवातून, पोटॅशियम हळूहळू पसरत गेल्याने पुढे जाते. पेशी एकदम उत्तेजित होते, पोटॅशियमचे आयन (विद्युतभारित कण) आणि ग्लुटामेट हे पेशींना चेतवणारं रसायन बाहेर सांडतात, त्याने शेजारची पेशी भडकते आणि तीही तेच करते. उत्तेजनाची ही आघाडी म्हणजे लुकलुकणारी कमान. मग आयन परत आत-बाहेर करणारे पंप पुरे पडत नाहीत, पेशी काही मिनिटं गप्प होतात, तो आंधळा पट्टा. दृष्टिकेंद्रात नजरेच्या मध्याला जागा भरपूर आणि कडेला कमी दिलेली असते. त्यामुळे लाट एकाच वेगाने गेली तरी कमान आधी हळू सरकते, कडेला गेल्यावर झपाट्याने.

काहींना ऑरा होतो, पण डोकं दुखतच नाही. तरीही डॉक्टरांना तो सांगावा. ऑरासह अर्धशिशी असणाऱ्या स्त्रियांना इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या सहसा देत नाहीत, पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून.