कयाक-ट्रोलिंग, सॅमनचे : गळदांडी व रीळ यांची निवड

चालत्या होडीमागून आमिष ओढत नेऊन मासा गळाला लावण्याच्या पद्धतीस ट्रोलिंग म्हणतात. कयाक या अरुंद, एका माणसाच्या होडीतून सॅमनसाठी ती उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, विशेषतः ब्रिटिश कोलंबिया, वॉशिंग्टन, ऑरेगन व उत्तर कॅलिफोर्निया येथे हौसेने केली जाते. लक्ष्य बहुधा चिनूक (ऑन्कोऱ्हिंकस टीशॅवित्शा) व कोहो (ऑ. किसुच) या जातींचे असते. मुंबईतील उपाहारगृहांत ‘इंडियन सॅमन’ म्हणून जो रावस वाढतात त्याचा सॅमनशी नात्याने काही संबंध नाही. तो निराळ्याच कुलातील आहे.

ट्रोलिंग आणि ट्रॉलिंग हे दोन शब्द मराठीत सर्रास एकमेकांत मिसळतात. कोकणातील ‘ट्रॉलर’ जाळे ओढतो, ट्रोलिंगमध्ये गळ ओढला जातो. इंग्रजी ‘ट्रोल’ची व्युत्पत्ती निश्चित नाही. भटकणे, शिकार हुडकत फिरणे या अर्थाच्या जुन्या फ्रेंच धातूकडे सामान्यतः बोट दाखवले जाते व ते अधिक सयुक्तिक वाटते. ‘ट्रॉल’ व ‘ट्रेल’ या शब्दांच्या सान्निध्याने आजचा अर्थ पक्का झाला असावा. १७ व्या शतकातील इंग्रज गळकरी नदीकाठी उभे राहून पाईक माशासाठी मेलेली मासळी पाण्यात खालीवर खेळवीत, त्यालाही ट्रोलिंगच म्हणत. होडी चालती असणे ही अट नंतरची.

प्रत्यक्ष पद्धत मात्र शब्दाहून जुनी असणार. पॅसिफिक किनाऱ्यावरील मूळ रहिवासी डोंगीमागे हेरिंगचे आमिष ओढून सॅमन धरीत. दोरीसाठी बुल केल्प या समुद्रशैवलाचे लांब देठ वळून वापरीत. वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याबरोबर आमिष पुढे झेपावते आणि मध्ये थबकते. आजचा कयाकवाला याच लयीवर विसंबतो. स्कॉटलंडच्या टे नदीवर होडी वल्हवत आमिष ओढण्याच्या पद्धतीस हार्लिंग म्हणतात. ७ ऑक्टोबर १९२२ रोजी जॉर्जिना बॅलंटाइन यांनी पकडलेला ६४ पौंडांचा (सु. २९ किग्रॅ.) अटलांटिक सॅमन हार्लिंगचाच, वल्ही त्यांच्या वडिलांच्या हाती होती. कयाकच्या दृष्टीने अधिक जवळचे उदाहरण ब्रिटिश कोलंबियातील कॅम्बेल रिव्हर येथील टाई क्लबचे (स्थापना १९२४). तेथे ३० पौंडांवरील चिनूकला ‘टाई’ म्हणतात, आणि सदस्यत्वासाठी तो मोटर न लावता, वल्ह्यांच्या होडीतून, हलक्या दोरीवर व कृत्रिम आमिषाने धरावा लागतो.

रिळाचा उगम हा वादाचा विषय आहे. रीळ लावलेली दांडी स्पष्ट दिसते असे सर्वांत जुने चित्र मा युआन या चिनी चित्रकाराचे (सु. ११९५) मानले जाते, थंडगार तळ्यावर एकटाच बसलेला कोळी त्यात दिसतो. चिनी ग्रंथांतील त्याहून कित्येक शतके जुने उल्लेख रिळाचेच आहेत की साध्या फिरकीचे, यावर एकमत नाही. इंग्लंडमध्ये टॉमस बार्कर यांच्या १६५१ च्या पुस्तकात दांडीवर बसवलेल्या फिरकीचा उल्लेख येतो. मुठीच्या एका फेऱ्यात दोरीचे चाक अनेकदा फिरवणारे दातेरी रीळ केंटकीतील घड्याळजी जॉर्ज स्नायडर यांनी १९ व्या शतकाच्या आरंभी शोधले, असे अमेरिकन लेखन सांगते. तथापि अशी रिळे १८ व्या शतकातच लंडनच्या बाजारात होती. त्यामुळे स्नायडर यांना शोधकापेक्षा सुधारक म्हणणे योग्य ठरावे.

आज सॅमनच्या ट्रोलिंगसाठी दोन प्रकारची आडवी रिळे चालतात. ब्रिटिश कोलंबियात अजूनही लोकप्रिय असलेले एकेरी रीळ नॉटिंगहॅमच्या लाकडी रिळाचे वंशज आहे. मुठीचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, आणि मासा पळाला की मूठही उलटी गरगरते. बोटांच्या पेरांवर ती बसली की काय होते ते तेथील बोलीतल्या ‘नकल-बस्टर’ (पेरे फोडणारे) या नावातच आले. १० सेंमी. व्यासाच्या भरल्या चाकावर एका फेऱ्यात ३१ सेंमी. दोरी येते; ५:१ प्रमाणाच्या दातेरी रिळाचे चाक ४.५ सेंमी.चे असले तरी सु. ७० सेंमी. येते. चिनूक अनेकदा गळासह होडीकडेच धावत सुटतो आणि दोरी सैल पडते. एका हाती वल्हे सांभाळणाऱ्याला तेव्हा दुसरा प्रकारच, म्हणजे दातेरी रीळच सोयीचे. एकेरी रिळाचे समर्थक माशाची ओढ थेट हाताला कळते असे म्हणतात व ते खरेही आहे, पण ते बहुधा रुंद होडीत बसून बोलत असतात.

दातेरी रिळांत दोरीमापक असलेले, दोरी आपोआप समान पसरवणारे रीळ बहुतेक कयाकवाले निवडतात. सॅमन ठरावीक खोलीवर फिरतो, म्हणून किती दोरी सोडली हे कळणे महत्त्वाचे. येथे एक तांत्रिक मेख आहे. नेहमीचा यांत्रिक मापक दोरी मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. ५० मिमी. व्यासापर्यंत भरलेले चाक एका फेऱ्यात १५७ मिमी. दोरी सोडते, तेच ४० मिमी.पर्यंतच भरले असेल तर १२६ मिमी. मापकावर १०० फूट दिसताना पाण्यात ८० फूट, किंबहुना थोडी कमीच दोरी असते. दोरी तुटून चाक उतरले की मापक खोटे बोलू लागतो. ते पुन्हा कडेपर्यंत भरणे हा उपाय. शिवाय दोरीची लांबी म्हणजे खोली नव्हे. दोरी पाण्याच्या पृष्ठाशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर ६० फूट दोरीवर आमिष ३० फुटांवर असते; ४५ अंशांना ते ४२ फुटांवर जाते. वल्हवण्याचा वेग ताशी ३–४ किमी.च्या आसपास कमीजास्त होत राहतो आणि त्याबरोबर हा कोनही. मापक नसलेल्या रिळावर रीळ ते दांडीवरील पहिली कडी हे अंतर (सु. २ फूट) हाताने ओढून, ‘पुल’ मोजत अंदाज बांधतात.

रिळाच्या ब्रेकची, म्हणजे पळत्या माशाला दोरी रोखत रोखत सोडणाऱ्या यंत्रणेची, ताकद मोटरबोटीइतकी लागत नाही. मोठा मासा कयाकच ओढत नेतो. होडी स्वतःच ब्रेक ठरते. २५ पौंडी दोरीला पाव ते तिसरा हिस्सा, म्हणजे ६ ते ८ पौंडांचा ब्रेक पुरतो. मात्र तो सुटताना अडकू नये.

दांडीच्या लांबीबाबत दोन पक्ष आहेत. मोटरबोटीवरील सॅमनच्या दांड्या साडेआठ ते साडेदहा फुटी असतात. लांब दांडीचा पक्ष सांगतो की मासा नाळेखालून (होडीच्या पुढच्या टोकाखालून) पलीकडे गेला तर दोरी नाळेला न घासता वळवून घेता येते. हे मान्य केले तरी खरी अडचण शेवटच्या दोन मिनिटांत येते. आमिषाच्या पुढे फ्लॅशर नावाची सु. ११ इंची चकाकती पट्टी असते, आणि तिच्यापासून गळापर्यंत तीन ते पाच फुटांची आखूड दोरी. फ्लॅशर दांडीच्या टोकाला टेकला की रीळ आणखी गुंडाळता येत नाही. मासा तरीही तितका दूर राहतो. उभा माणूस एक पाऊल मागे सरतो. कयाकमध्ये पाण्यापासून जेमतेम वीतभर उंच बसलेल्याला दांडी डोक्यामागे न्यावी लागते, टोक मुडपते व तेथेच मोडते. दुसऱ्या हातात जाळे असते. म्हणून सात ते साडेआठ फूट ही मर्यादा व्यवहार्य दिसते. आखूड दांडीबरोबर गळाची दोरीही आखूड ठेवावी. दांडीची रिळाखालची मूठ ९ ते १२ इंचांहून लांब असल्यास ती लाईफ जॅकेटमध्ये अडकते.

दांडीचा बाक टोकाशी संपू नये, मध्यापर्यंत उतरावा. फ्लॅशरची सततची थरथर आणि वल्ह्याचे हिसके अशी दांडी गिळते. ताठ ग्रॅफाइट ते सरळ माशाच्या ओठाला पोचवते. यासाठी फायबरग्लास किंवा मिश्र धाटणी बरी. विणलेली दोरी जवळजवळ ताणतच नसल्याने तिच्यावर हे अधिकच लागू पडते. तिच्या टोकाला काही फूट तंगूस (एकतंतू नायलॉन दोरी) जोडण्याची रीत त्यातूनच आली. पाण्यात तिरके डुबकणारे डायव्हर वापरायचे झाल्यास मात्र त्यांच्या ओढीला जाड बुंध्याची दांडी लागते.

वॉशिंग्टनमधील प्यूजेट साउंड या खाडीतील चिनूक १९९९ पासून अमेरिकेच्या संघीय कायद्याने संकटग्रस्त गणला जातो. पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला मासा उबवणकेंद्रातला. अनेक ठिकाणी तोच ठेवता येतो. तो पर आहे की नाही हे मासा पाण्यात, होडीलगत असतानाच पाहायचे असते आणि आखूड दांडीची बाजू येथेही भक्कम होते.

मिशिगन सरोवरात १९६६ मध्ये कोहो व पुढच्या वर्षी चिनूक सोडल्यापासून तेथेही ट्रोलिंग रुजले. तेथील पाणी गोडे असल्याने रिळाच्या गंजाची चिंता कमी. समुद्रावरील रिळे प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने हलकेच धुतात. जोराच्या धारेने मीठ उलट आत शिरते. दांडी आणि रीळ दोन्ही होडीला दोरीने बांधून ठेवतात.