किल्ली त्याच गाडीची आहे का?

छत्रपती संभाजीनगर असो की नांदेड, रस्त्याकडेला बसलेला किल्लीवाला जुन्या ॲम्बेसेडरची डुप्लिकेट बघता बघता काढून देतो. गाडी सुरू होते, काम भागतं. पण जुनी गाडी मूळ रूपात आणून जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत परीक्षकांपुढे उभी करायची असेल, तर एवढ्यावर निभत नाही.

कुलपात पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, प्रत्येकीला स्प्रिंग. दातांची खोली बरोबर असली की सगळ्या पट्ट्या एका पातळीत येतात आणि कुलूप फिरतं. वर्षानुवर्षांच्या वापरानं दात झिजतात. किल्लीवाला नक्कल काढतो ती झिजलेल्या दातांचीच. नकलेची पुन्हा नक्कल काढली की चूक वाढत जाते. म्हणून कोड बघायचा. १९५०-६०च्या दशकांतल्या अनेक ब्रिटिश गाड्यांच्या किल्ल्यांवर एफए, एफएस अशी अक्षरं आणि पुढे आकडा असे. एफएसचे आकडे ८७६ ते ९५५, म्हणजे अवघ्या ८० प्रकारच्या किल्ल्या! दुसऱ्याच्या किल्लीनं आपली गाडी उघडणं त्या काळी अशक्य नव्हतं. या आकड्यावरून दातांची मूळ खोली कळते. ती कॅलिपरनं, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या उपकरणानं, ताडून पाहता येते. माझ्या मते, दात न पाडलेल्या जुन्या कोऱ्या किल्लीवर कोडप्रमाणे दात कापलेली किल्ली झिजक्या डुप्लिकेटपेक्षा कधीही सरस.

मग भिंग घ्यावं. ठशानं ठोकलेल्या आकड्याच्या कडेला धातू किंचित वर उचललेला दिसतो. लेझरनं कोरलेल्या, म्हणजे अलीकडच्या, आकड्याच्या तळाशी बारीक समांतर रेघा दिसतात. मूळ किल्ल्या बहुधा निकेलचा मुलामा दिलेल्या पितळेच्या, नाहीतर जर्मन सिल्व्हरच्या, ज्यात चांदी औषधालाही नसते. असतं तांबं, जस्त आणि निकेल. लोहचुंबकाला घट्ट चिकटली तर ती पोलादी, म्हणजे शंकेला जागा. खरा मुलामा उडतो तो बोटं लागतात तिथं, कडीच्या भोकाशी आणि दातांच्या टोकांवर. खाचेच्या तळाशी चकाकी टिकते. ॲसिडनं 'म्हातारी' केलेली किल्ली खाचेतही सारखीच काळवंडलेली असते. लातूर-धाराशिवच्या कोरड्या हवेत आयुष्य काढलेल्या गाडीच्या किल्लीवर हिरव्या कळकाचा, म्हणजे दमट हवेत पितळेवर चढणाऱ्या गंजाचा, दाट थर दिसला, तर ती आली कुठून, हे विचारावंच.

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचं प्रकरण निराळं. सुरुवातीच्या विलिस जीपना सरसकट एच-७०० हीच किल्ली होती. पुढे किल्लीच गेली, फिरवायचा खटका आला. अशा खटक्याच्या जीपसोबत कुणी झळझळीत 'ओरिजिनल' किल्ली मिरवली, तर परीक्षकानं खुशाल गुण कापावेत.