रक्तगणना

रक्तातील पेशींची संख्या व आकार आणि हिमोग्लोबिनचे प्रमाण सांगणारी तपासणी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती ‘सीबीसी’ या नावाने येते. शिरेतून घेतलेले थोडे रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत भरतात. नळीतले ईडीटीए हे रसायन रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून रक्त गोठत नाही. यासाठी उपाशीपोटी जाण्याची गरज नसते.

पूर्वी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली, चौकटी आखलेल्या काचेवर मोजत. अमेरिकेतील वॉलेस कोल्टर यांना १९५३ मध्ये पेटंट मिळाले आणि हे काम यंत्राकडे गेले. बारीक छिद्रातून पेशी जाताना विजेच्या प्रवाहाला अडथळा होतो. किती वेळा झाला यावरून संख्या कळते, केवढा झाला यावरून आकार.

अहवाल हातात पडताच बहुतेकांची नजर हिमोग्लोबिनवर जाते. प्रौढ पुरुषांत ते दर डेसिलिटरला १३ ग्रॅमपेक्षा आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानतात. पण रक्तक्षय म्हणजे निदान नव्हे. रक्त का कमी झाले ते शोधायचे बाकीच असते. त्याचा धागा दोन ओळी खाली, सहसा कोणी न वाचलेल्या ‘एमसीव्ही’त सापडतो. हा तांबड्या पेशींचा सरासरी आकार, साधारण ८० ते १०० फेम्टोलिटर. पेशी मोठ्या असतील तर बी-१२ किंवा फोलेटच्या कमतरतेचा संशय येतो. मद्यपान, यकृताचे विकार आणि काही औषधे यांनीही असे होते. लहान असतील तर बहुधा लोह कमी पडलेले असते.

बहुधा, नेहमी नाही. थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकाराच्या वाहकातही, म्हणजे दोषी जनुक असूनही सहसा आजारी नसलेल्या माणसातही, पेशी लहान असतात, मात्र त्यांची संख्या बऱ्याचदा दर मायक्रोलिटरला ५० लाखांच्या वर असते. लोह कमी असताना ती सहसा घटते. हा फरक न पाहिल्यास वाहकाला महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या दिल्या जातात आणि आकडा हलत नाही. खात्रीसाठी हिमोग्लोबिनचा ‘ए-२’ हा प्रकार मोजावा लागतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल या हिमोग्लोबिनच्याच आनुवंशिक विकाराच्या ‘एएस’ वाहकाचा (एक जनुक सामान्य, एक सिकलचे) सीबीसी तर अगदी सामान्य येऊ शकतो. तिथे प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणी आणि त्यानंतर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीच हवी.

पांढऱ्या पेशी प्रौढांत दर मायक्रोलिटरला साधारण ४,००० ते ११,००० असतात. त्या वाढल्या की घरात लगेच रक्ताच्या कर्करोगाची कुजबुज सुरू होते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कारण जंतुसंसर्गाचे असते. अपक्व ‘ब्लास्ट’ पेशी दिसल्या तर मात्र तातडीने पुढील तपास करतात.

रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख असतात. डेंग्यूच्या दिवसांत ‘पेशी किती झाल्या?’ हा प्रश्न याच आकड्याबद्दल असतो, आणि नातेवाइकांची सारी धावपळही त्याच्याचभोवती. खरे तर ताप उतरू लागताना हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचा टक्का) चढणे आणि प्लेटलेट वेगाने घसरणे ही जोडी अधिक धोक्याची: रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरत असल्याची ती खूण आहे. रक्तस्राव नसेल तर केवळ आकडा उतरला म्हणून प्लेटलेट चढवल्याने सहसा फायदा होत नाही.

कधी कधी ईडीटीएमुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, यंत्राला गुठळी मोजता येत नाही आणि धडधाकट माणसाचा आकडा ३०,००० दिसतो. अशा वेळी काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात किंवा ईडीटीएऐवजी सायट्रेट असलेल्या नळीत पुन्हा नमुना घेतात.