अनुवादित रहस्यकादंबरी (ठाणे–नवी मुंबई परिसर)

गुन्हा, त्याचा तपास आणि अखेरचा उलगडा यांभोवती रचलेली, परभाषेतून मराठीत आलेली कादंबरी. गुप्तहेरकथा, पोलिसी तपासकथा, हेरकथा आणि न्यायालयीन थरारकथा हे सारे प्रकार ग्रंथालयांच्या रोजच्या व्यवहारात याच सदरात मोडतात.

प्रारंभाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. एक पक्ष जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स (1814–79) या इंग्रज लेखकाच्या मराठी रूपांतरांपासून सुरुवात धरतो. त्याच्या कथानकांवरून गो. ना. दातारशास्त्री यांनी लिहिलेल्या कादंबऱ्या साधारणपणे विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत आवडीने वाचल्या गेल्या. त्यांतली माणसे, राज्ये, पोशाख इतके एतद्देशीय झालेले असतात की मूळ इंग्लंडचा मागमूस उरत नाही. दुसरा पक्ष आर्थर कॉनन डॉयलच्या शेरलॉक होम्सपासून (पहिली कादंबरी 1887) परंपरा मोजतो. हे मत अधिक ग्राह्य वाटते. रेनॉल्ड्सकडे गुपित फुटते ते योगायोगाने, आडून ऐकलेल्या बोलण्याने किंवा वेषांतर उघडे पडल्याने. पुरावा वाचकासमोर मांडून त्यालाही तर्क लढवू देण्याची डॉयलची रीत तेथे नाही. शिवाय भालबा केळकरांनी मराठीत आणलेला होम्स मराठी बोलत असला तरी लंडनमध्येच राहतो. रूपांतर आणि अनुवाद यांची सीमारेषा येथे स्पष्ट होते. बाबूराव अर्नाळकर (1906–96) या रेषेच्या नेमके कोणत्या बाजूला, हा प्रश्न मात्र सुटत नाही. झुंजार आणि काळापहाड यांना जन्म देणाऱ्या या लेखकाची पुस्तके हजाराच्या वर भरतात. त्यांना अनुवादक म्हणणे अन्यायाचे होईल. इंग्रजी रहस्यकथांचे त्यांच्यावरील ऋण नाकारणेही धाडसाचे.

अनुवादाच्या आकर्षणाचे कारण बहुधा परक्या जगाचे कुतूहल असे सांगितले जाते. ते अपुरे आहे. इंग्रज वाचक दुपारच्या चहाचा ट्रे, मृत्युपत्रातले कलम किंवा बागेतल्या बर्फावरची पावले यांवरून नजर सहज पुढे नेतो, कारण यांत नित्याचे काय हे त्याला ठाऊक असते. ठाण्याच्या नौपाड्यातल्या वाचकाला ते ठरवता येत नाही. चहा पाचऐवजी साडेचारला आला तर त्यात काही काळेबेरे आहे का? अशा वेळी प्रत्येक तपशील संशयित ठरतो आणि लेखकाने पेरलेल्या चकव्यांत अनुवादामुळे आपोआप आणखी भर पडते. न्यायालयीन कादंबऱ्यांतली ज्यूरी हे असेच उदाहरण. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान राहिले नाही. त्यामुळे बारा सामान्य माणसांना वळवण्यासाठी वकिलाने केलेली नाटके आजच्या मराठी वाचकाला खटल्याइतकीच रंजक वाटतात. अगाथा ख्रिस्तीच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्यांत मधुकर तोरडमल यांच्यासारखा रंगभूमीवरचा माणूस असावा, हेही सूचक आहे. सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा (बंगालीत प्रथम 1965) अशोक जैन यांनी मराठीत आणला. त्याचे जग तुलनेने ओळखीचे, म्हणून त्याचा ओढा वेगळ्या जातीचा. तो मुलांमार्फत घरात येतो आणि मोठी माणसे वाचतात.

ठाण्यात 1893 मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय हे या वाचनाचे जुने केंद्र. वि. ल. भावे हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. संतवाङ्मयाच्या इतिहासकाराने उभारलेल्या संस्थेत खुनाच्या कथांनाही जागा आहे. वर्गीकरणाची अडचण येथे नोंदवण्याजोगी आहे. पुस्तके विषयवार क्रमांकांनी लावण्याच्या ड्यूई दशांश पद्धतीत अनुवाद मूळ भाषेच्या साहित्याबरोबर ठेवतात. त्या हिशेबाने ख्रिस्ती 823 खाली, फेलूदा 891.44 खाली, एखादी स्वीडिश कादंबरी 839.7 खाली आणि अर्नाळकर 891.46 खाली. म्हणजे एकाच वर्गणीदाराची आवड चार फडताळांत विखुरते. देवघेव विभागात वाचक ‘काहीतरी मर्डरचं द्या’ म्हणतो तेव्हा ड्यूईचा उपयोग नसतो. म्हणून अनुवादित कादंबऱ्यांचे कपाट स्वतंत्र ठेवणे हीच व्यवहारी वाट होय. अशा पुस्तकांत पात्रपरिचयाच्या पानावर एखाद्या नावाभोवती पेन्सिलीने गोल काढलेला आढळतो. हा उपद्रव अन्य कोणत्याही वाङ्मयप्रकारात संभवत नाही, आणि तो करणारा वर्गणीदार कधी सापडत नाही.

नवी मुंबईची वस्ती सिडकोच्या स्थापनेनंतरची (1970). ठाणे–वाशी लोकल 2004 मध्ये सुरू झाली. हा प्रवास सुमारे अर्ध्या तासाचा. आखूड प्रकरणांच्या अमेरिकी थरारकादंबऱ्या त्यात चांगल्या बसतात. ख्रिस्ती मात्र घरीच वाचलेली बरी, कारण ऐरोलीच्या गर्दीत पान हुकले की कर्नल कोण आणि डॉक्टर कोण, याचा घोळ कोपरखैरण्यापर्यंत निस्तरत नाही.