पक्ष्यांमधील ताण-प्रतिसादाचे मेंदूद्वारे नियंत्रण

भक्षकाची चाहूल, उपासमार, वादळ किंवा पकडले जाणे अशा प्रसंगी पक्ष्याच्या शरीरात व वर्तनात जे बदल होतात, त्यांची सुरुवात, तीव्रता व समाप्ती ठरविणारी मेंदूतील यंत्रणा. प्रतिसादाचे मार्ग दोन आहेत. अनुकंपी चेतासंस्थेच्या (आणीबाणीत शरीराला आपोआप सज्ज करणाऱ्या चेतांच्या) मार्गाने काही सेकंदांतच हृदयाचे ठोके वाढतात. या मार्गातील मेरुरज्जूतील चेतापेशी पक्ष्यांमध्ये मध्यनालिकेच्या पृष्ठीय बाजूस टेर्नी स्तंभ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यात असतात आणि अधोथॅलॅमसातून (मेंदूच्या तळाकडील, संप्रेरकांचे नियंत्रण करणाऱ्या भागातून) निघणारे काही लांब तंतू थेट मेरुरज्जूपर्यंत पोहोचतात, असे कबुतरांवरील अभ्यासांत दिसून आले आहे. दुसरा मार्ग संप्रेरकांचा असून त्याला काही मिनिटे लागतात. संशोधनाचा भर प्रामुख्याने या दुसऱ्या मार्गावर राहिला आहे.

संप्रेरक साखळी : अधोथॅलॅमसातील परानिलयी केंद्रकात (तिसऱ्या मस्तिष्क निलयालगतच्या, म्हणजे मेंदूतील एका द्रवपूर्ण पोकळीलगतच्या, चेतापेशींच्या समूहात) कॉर्टिकोट्रोपिन-मोचक संप्रेरक आणि आर्जिनीन व्हॅसोटोसिन तयार होतात. व्हॅसोटोसिन हे सस्तन प्राण्यांतील व्हॅसोप्रेसिनाचे समधर्मी असून नऊ ॲमिनो अम्लांपैकी केवळ एकाच अम्लाने त्याहून वेगळे आहे. ही दोन्ही संप्रेरके मध्य उंचवट्यातील (अधोथॅलॅमसाच्या तळाशी असलेल्या भागातील) प्रवेशी रक्तवाहिन्यांतून पीयूषिका ग्रंथीच्या अग्रखंडात पोहोचतात. पक्ष्यांमध्ये या ग्रंथीला मध्यखंड नसतो आणि अधिवृक्क-उद्दीपक संप्रेरक स्रवणाऱ्या पेशी मुख्यत्वे अग्रखंडाच्या शीर्षभागात एकवटलेल्या असतात. मध्य उंचवट्याचे आणि प्रवेशी वाहिन्यांचेही पुढचा व मागचा असे दोन स्वतंत्र भाग अनेक पक्ष्यांत आढळतात. या संप्रेरकाने उद्दीपित होणाऱ्या अधिवृक्क ग्रंथीत (मूत्रपिंडाजवळील ग्रंथीत) बाह्यक व मध्यक असा स्पष्ट भेद नसून स्टेरॉइड बनविणाऱ्या व क्रोमॅफिन (ॲड्रेनलिनासारखी संप्रेरके बनविणाऱ्या) पेशी एकमेकींत मिसळलेल्या असतात. तेथून स्रवणारे प्रमुख संप्रेरक कॉर्टिकोस्टेरोन होय. माणसाप्रमाणे कॉर्टिसॉल नव्हे.

दोन मोचक संप्रेरकांपैकी पक्ष्यांत अधिक प्रभावी कोणते, याविषयी एकमत नाही. बदकांवरील 1980 च्या दशकातील प्रयोगांत दोन्हींनी अधिवृक्काला उद्दीपित केले. कोंबड्यांमध्ये दोन्ही एकत्र दिल्यास परिणाम वाढतो आणि त्यांचे पीयूषिकेतील ग्राही (संप्रेरक ज्यांना जोडले जाते ते पेशींतील रेणू) जोडीने काम करीत असावेत, असे पेशीसंवर्धनातील प्रयोग सुचवितात. काही रानपक्ष्यांत मात्र व्हॅसोटोसिनाचा परिणाम अधिक ठळक दिसला. जाती, ऋतू व मात्रा यांनुसार निष्कर्ष बदलत असल्याने दोन्हींची भूमिका परस्परपूरक मानणेच सध्या सयुक्तिक ठरेल. कोंबडीच्या भ्रूणात कॉर्टिकोट्रोपिन-मोचक संप्रेरक अवटु-उद्दीपक (थायरॉइड ग्रंथीला चालना देणाऱ्या) संप्रेरकालाही मुक्त करते, ही नोंद येथे महत्त्वाची आहे, कारण त्यामुळे या संप्रेरकाचे कार्य केवळ ताणापुरते सीमित ठरत नाही.

नियंत्रणाचा आरंभबिंदू : दीर्घकाळ परानिलयी केंद्रकालाच साखळीचा पहिला दुवा समजले जाई. या समजाला अलीकडे आव्हान दिले गेले आहे. अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठातील वेन क्युन्झेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या मेंदूतील सेप्टम या भागात, हिप्पोकॅम्पसच्या (स्मृतीशी संबंधित भागाच्या) दोन्ही बाजू जोडणाऱ्या संयोजी तंतूंच्या परिसरात असलेल्या केंद्रकाकडे लक्ष वेधले. अधोथॅलॅमसाच्या बाहेर असूनही या केंद्रकात कॉर्टिकोट्रोपिन-मोचक संप्रेरक बनविणाऱ्या चेतापेशी आहेत. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनानुसार कोंबड्यांचे खाद्य बंद केल्यावर या केंद्रकातील पेशी परानिलयी केंद्रकातील पेशींच्या आधी सक्रिय होतात. यावरून हे केंद्रक पक्ष्यांच्या ताण-अक्षाचा (अधोथॅलॅमस, पीयूषिका व अधिवृक्क यांच्या वरील साखळीचा) अतिरिक्त घटक असावे, असे या गटाने सुचविले. कालक्रमाचा हा पुरावा लक्षणीय आहे. तथापि, आधी सक्रिय होणे म्हणजे नियंत्रण करणे असे आपोआप सिद्ध होत नाही, आणि मुख्य प्रयोग पाळीव कोंबड्यांवरचे आहेत. म्हणून या केंद्रकाला परानिलयी केंद्रकाचा पर्याय न मानता त्याचा सहभागी मानणारे मत येथे ग्राह्य धरले आहे.

भीती व अमिग्डाला : ताणाचे मूल्यमापन करणारा अग्रमस्तिष्काचा भाग कोणता, हा प्रश्न अधिक जुना आहे. सस्तन प्राण्यांत भीतीशी संबंधित असा भाग म्हणजे अमिग्डाला. विसाव्या शतकाच्या आरंभी लुडविग एडिंगर यांच्या प्रभावाखाली पक्ष्यांचा जवळजवळ सारा अग्रमस्तिष्क तलीय गंडिकांचा (अग्रमस्तिष्काच्या तळाकडील, हालचालींशी संबंधित चेतापेशी-समूहांचा) विस्तार समजला गेला आणि त्यानुसार त्याच्या बाजूच्या एका मोठ्या भागाला आर्किस्ट्रायटम असे नाव मिळाले. आर. ई. फिलिप्स यांनी 1964 मध्ये मॅलार्ड बदकांत हा भाग इजा करून निकामी केल्यास माणसापासून पळण्याची प्रवृत्ती मंदावते, असे दाखविले. झायर व कार्टन यांनी 1971 मध्ये कबुतराच्या याच भागाचे तंतुमार्ग तपासून त्याचे दोन गट केले: पुढचा व मधला भाग शारीरिक हालचालींशी, तर मागचा व आतल्या बाजूचा भाग अधोथॅलॅमसाशी जोडलेला. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित नामावलीत या भागाला आर्कोपॅलियम हे नाव मिळाले आणि त्यालगतच्या टीनिया या केंद्रकाला अमिग्डालाचा घटक म्हणून स्थान देण्यात आले. आर्कोपॅलियमचा नेमका किती भाग सस्तन प्राण्यांच्या अमिग्डालाशी समजात (समान उगमाचा) आहे, याविषयीचा वाद मात्र मिटलेला नाही. संपूर्ण आर्कोपॅलियमला अमिग्डाला म्हणण्यापेक्षा अधोथॅलॅमसाकडे तंतू पाठविणाऱ्या भागापुरतीच ही तुलना ठेवणे तंतुमार्गांच्या पुराव्याशी अधिक जुळते.

पुनःप्रदाय : वाढलेले कॉर्टिकोस्टेरोन मेंदूत परतून स्वतःचेच स्रवण रोखते. त्यासाठी उच्च आकर्षणाचे मिनरॅलोकॉर्टिकॉइड ग्राही आणि कमी आकर्षणाचे ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही अशी दुहेरी व्यवस्था असते. पहिले पायाभूत पातळीतही बऱ्याच अंशी व्यापलेले असतात, दुसरे मुख्यत्वे पातळी चढल्यावर व्यापले जातात. हिप्पोकॅम्पसचा सहभाग बुईये व बेले यांनी 1970 च्या दशकात कबुतरांवर तपासला होता. युरोपीय स्टार्लिंगमध्ये दीर्घ ताणानंतर हिप्पोकॅम्पसातील मिनरॅलोकॉर्टिकॉइड व परानिलयी केंद्रकातील ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहींची जनुकीय अभिव्यक्ती घटल्याचे 2009 मध्ये नोंदले गेले. याच जातीत दीर्घ ताणाने तीव्र ताणाला मिळणारा कॉर्टिकोस्टेरोन-प्रतिसाद वाढण्याऐवजी मंदावल्याचेही आढळले आहे.

मापन व ऋतुमान : रानपक्ष्यांत प्रतिसाद मोजण्याची रूढ पद्धत म्हणजे पकडून कापडी पिशवीत ठेवणे व ठराविक अंतराने रक्ताचे नमुने घेणे. पकडल्यापासून सुमारे 3 मिनिटांत घेतलेला नमुना पायाभूत पातळी दर्शवितो असे साधारणपणे मानतात. उच्चांक बहुधा 30 ते 60 मिनिटांत येतो. जॉन विंगफील्ड व सहकाऱ्यांनी या पद्धतीने केलेल्या अभ्यासांतून आर्क्टिक प्रदेशात प्रजनन करणाऱ्या अनेक पक्ष्यांत विणीच्या काळात व पिसे झडण्याच्या काळात प्रतिसाद दबलेला दिसला. हे दमन मेंदूत, पीयूषिकेत की अधिवृक्कात होते, याचे उत्तर जातीनुसार वेगळे येते.

प्रजननाशी असलेला दुवाही मेंदूतच आहे. जपानी लाव्यात 2000 मध्ये शोधले गेलेले गोनॅडोट्रोपिन-निरोधी संप्रेरक (जननग्रंथींना चालना देणाऱ्या पीयूषिका-संप्रेरकांना रोखणारे) परानिलयी केंद्रकातील चेतापेशींत तयार होते. पकडण्याच्या ताणानंतर घरचिमण्यांत अशा पेशींची संख्या वाढल्याचे 2008 मध्ये दाखविण्यात आले.