मिग-२९ मधून अंतराळाच्या काठापर्यंत: अर्ज नेमका कुठे अडकतो

मिग-२९ या रशियन लढाऊ जेटमध्ये प्रवासी म्हणून बसून खूप उंचावर जाण्यासाठी केलेला अर्ज परत आला की माणूस आधी स्वतःलाच दोष देतो, आपण फिट नसू म्हणून नाकारलं असेल असं त्याला वाटतं. मी जे अर्ज अडकताना बघितलेत त्यातले बरेचसे तब्येतीपर्यंत पोचलेच नव्हते, कागदावरच थांबले होते. म्हणून अडकणाऱ्या गोष्टी नीट लिहितोय, बाकी फॉर्म वगैरे कोणीही भरू शकतं.

आधी एक गैरसमज. 'अंतराळाचा काठ' म्हणजे अंतराळ नाही. अंतराळाची हद्द साधारण १०० किलोमीटरवर धरतात, अमेरिकेत ८० वर. मिग-२९ प्रवाशाला घेऊन जातं ते १७ ते २० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे रोजची प्रवासी विमानं उडतात त्याच्या दीड-दोन पट. तिथून वरचं आकाश भर दुपारी काळपट निळं दिसतं, क्षितिज वाकलेलं दिसतं, आणि ते बघायला जाणं मला तरी पूर्ण योग्य वाटतं. पण वजनरहित तरंगायला मिळेल, अंतराळवीर म्हणून नोंद होईल, अशा अपेक्षेने अर्ज करू नका. आणि नेमकी किती उंची गाठणार हे त्या दिवशीची हवा आणि पायलट ठरवतो, त्यामुळे करारात आकड्याच्या आधी 'अंदाजे' आहे का तेवढं बघा, नंतर भांडून उपयोग नसतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ही उड्डाणं ज्यामुळे प्रसिद्ध झाली तो सोकोल विमान कारखाना रशियात निझ्नी नोव्हगोरोदला आहे, मॉस्कोच्या पूर्वेला साधारण ४०० किलोमीटरवर. २०२२ नंतर तिथली सगळी गणितं बदलली आहेत. व्हिसा आणि मास्टरकार्ड या कार्ड कंपन्यांनी मार्च २०२२ मध्ये रशियातलं काम थांबवलं, त्यामुळे बाहेरच्या बँकेचं यांचं कार्ड तिथे चालत नाही, शिवाय निर्बंध आहेत, विम्याचे प्रश्न आहेत. इंटरनेटवरची जुनी माहिती बघून कोणी अ‍ॅडव्हान्स मागितला तर कृपा करून लगेच पैसे पाठवू नका. उड्डाणं आत्ता चालू आहेत का, कोणत्या विमानतळावरून, परवानगी कोणाच्या नावावर, ही तीन उत्तरं आधी लेखी घ्या. खाली जे सांगतोय ते या प्रकारच्या उड्डाणाची कागदपत्रं कशी चालतात त्याबद्दल, आणि दोन सीटचं लढाऊ जेट कुठलंही असलं तरी यातलं बरंचसं लागू पडतं.

पात्रता थोडक्यात: वय १८ पूर्ण, पासपोर्ट चालू, वजन आणि उंची सीटच्या मर्यादेत. यात लोक चुकतात ते उंचीत. प्रवाशाची सीट इजेक्शन सीट असते, वेळ आली तर ती माणसासकट रॉकेटने बाहेर फेकली जाते, आणि तेव्हा गुडघे कॉकपिटच्या कडेला आपटता कामा नयेत. म्हणून बसल्यावरची उंची आणि मांडीची लांबीसुद्धा विचारतात. ही मापं अंदाजाने भरू नका, भिंतीला टेकून बसा आणि दुसऱ्या कोणाला तरी टेप धरायला सांगा. वजनसुद्धा आजचं लिहा, डाएट करून होणार आहे ते नको.

आता तो कागद जो कोणाकडेच तयार नसतो, मेडिकल सर्टिफिकेट. ऑफिससाठी किंवा जिमसाठी घेतलेलं 'सदर व्यक्ती तंदुरुस्त आहे' असं एका ओळीचं सर्टिफिकेट लोक जोडतात आणि ते परत येतं. उड्डाण करवणाऱ्यांना हवं असतं की डॉक्टरने स्पष्ट लिहावं, ही व्यक्ती आवाजापेक्षा वेगवान जेटमध्ये, ऑक्सिजन मास्क लावून, जी-फोर्स (जोरात वळताना शरीरावर येणारा वजनाच्या कित्येक पट भार) सहन करत बसू शकते आणि इजेक्शन सीट वापरायला हरकत नाही. फॅमिली डॉक्टर यावर सही करायला कचरतात आणि त्यांचं काही चुकत नाही, त्यांचा तो विषयच नाही. त्यांच्या मागे लागण्यात दोन आठवडे घालवू नका, पायलटांची तपासणी करणारा डॉक्टर गाठा, त्याला हे सगळं समजावून सांगावं लागत नाही. जाताना ईसीजी, बीपीच्या नोंदी, जुन्या ऑपरेशनचे कागद आणि चालू औषधांची यादी घेऊन जा.

आणि लपवू नका. हे मी कळकळीने सांगतोय. साडेपाच किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीच्या निम्मा होतो, म्हणजे शरीरात कुठे हवा अडकली असेल तर ती दुप्पट जागा मागते. केबिनमध्ये दाब राखलेला असतो पण जमिनीइतका नसतो, आणि काही बिघडलं तर तोही जातो. साधारण १९ किलोमीटरच्या वर तर बाहेरचा दाब इतका कमी की शरीराच्या तापमानालाच पाणी उकळतं. त्यामुळे पूर्वी कधी फुप्फुसातून हवा गळून ते आकसलं असेल, डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनमध्ये गॅस भरला असेल, मणक्याची गादी सरकली असेल, फिट येत असेल, गरोदर असाल, तर हे फॉर्ममध्ये यायलाच पाहिजे, मग भले नकार येवो. सर्दी-सायनस किरकोळ वाटतं पण विमान खाली येताना कान फुटायची वेळ येते, म्हणून नाक चोंदलेलं असेल तर तारीख पुढे ढकलायला सांगा. स्कूबा डायव्हिंग करून आला असाल तर मध्ये किमान २४ तास जाऊ द्या, हे फॉर्मवर बहुतेक विचारतच नाहीत आणि विचारायला पाहिजे. सर्टिफिकेटची तारीखही बघा, लोक बुकिंगच्या उत्साहात चार-सहा महिने आधीच काढून ठेवतात आणि उड्डाणाच्या वेळी ते जुनं झालेलं असतं.

शेवटचा शब्द तरीही तिथल्या डॉक्टरचा असतो. उड्डाणाच्या दिवशी सकाळी बीपी आणि नाडी बघतात, आणि घाबरून, जागरण करून, तीन कॉफ्या पिऊन गेलेल्या माणसाचं बीपी वर गेलेलं असतं. आदल्या रात्री दारू अजिबात नको, झोप हवी. तिथे नापास झालात तर पैशांचं काय, हे कलम सही करायच्या आधी वाचा, नंतर नाही.

मग सुरक्षा मंजुरी. सोकोल हा लष्करी विमानांचा कारखाना, मिग-२५ आणि मिग-३१ इथे बनली, आणि हे शहर गॉर्की नावाने ओळखलं जायचं तेव्हा सोव्हिएत काळात परदेशी माणसाला तिथे प्रवेशच नव्हता. त्यामुळे गेटच्या आत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आधी मंजूर व्हावं लागतं. प्रत्येकाचं म्हणजे खाली उभं राहून फोटो काढणाऱ्या नवऱ्याचं, बायकोचं, मित्राचंही. हे शेवटच्या आठवड्यात लक्षात येतं आणि सोबतची माणसं बाहेर रस्त्यावर राहतात, फार वाईट वाटतं तेव्हा.

ही मंजुरी किती दिवसांत मिळेल ती मुदत मोजण्यात तर इतकी गफलत होते! दिवस म्हणजे कामाचे दिवस, शनिवार-रविवार वगळून, आणि मोजायला सुरुवात होते ती पूर्ण फाइल त्यांच्या हातात पडल्यापासून, तुम्ही पहिली ईमेल पाठवलीत त्या दिवसापासून नाही. पासपोर्टचा स्कॅन पुसट निघाला की फाइल अपूर्ण, आणि ते तुम्हाला लगेच कळवतीलच असंही नाही, कित्येकदा आपण विचारल्यावर सांगतात, याचा मला खरंच राग येतो. त्यात रशियात १ ते ८ जानेवारी सगळं बंद, मे महिन्यात १ आणि ९ तारखेला सुट्टी, तिच्या आगेमागेही काम ढिलं. मंजुरी हातात येईपर्यंत परत न होणारं तिकीट काढू नका.

व्हिसा घेताना दोन-तीन दिवस जास्तीचे धरा. ढग, वारा, इंजिनाची तपासणी, कशानेही उड्डाण पुढे जाऊ शकतं आणि व्हिसा संपत असेल तर तुम्हाला देश सोडावाच लागणार, मग हवा कितीही छान असो.

विम्याबद्दल एकच सांगतो, नेहमीच्या ट्रॅव्हल पॉलिसीत साधारणपणे तिकीट काढून केलेला एअरलाइनचा प्रवास धरलेला असतो, लढाऊ जेट त्यात बसत नाही. कंपनीला विमानाचा प्रकार लिहून विचारा आणि उत्तर लेखी ठेवा. तिथे तुमच्याकडून जबाबदारीमुक्तीच्या कागदावर सही घेतात, त्यामुळे ही बाजू मोकळी ठेवून जाऊ नका, घरच्यांचा विचार करा.

बरेच जण यू-२ च्या फॉर्मबद्दल विचारतात. तसा फॉर्म नाही. ते अमेरिकी हवाई दलाचं टेहळणी विमान, कॅलिफोर्नियातल्या बील तळावरून २१ किलोमीटरच्या वर जातं, दोन सीटची ट्रेनर आहेत आणि क्वचित पत्रकारांना वगैरे नेलंय, पण ते हवाई दलाच्या आमंत्रणावर. पूर्ण प्रेशर सूट, उड्डाणाआधी तासभर शुद्ध ऑक्सिजन, सगळं त्यांच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. याचं तिकीट विकतोय असं कोणी सांगितलं तर तिथूनच मागे फिरा.

राहिला पासपोर्ट. मंजुरी पासपोर्टच्या नंबरवर मिळते, नुसत्या नावावर नाही. अर्ज केल्यावर मधल्या काळात पासपोर्ट रिन्यू केलात तर नवा नंबर त्याच दिवशी कळवा, आणि उड्डाणाच्या दिवशी मूळ पासपोर्ट खिशात ठेवा, गेटवर झेरॉक्स चालत नाही.