चागास रोग : ताप विसरल्यावर उघड होणारा हृदयविकार

ब्राझीलमधील मिनास जेराइस राज्यातल्या लासान्स या गावी रेल्वेमजुरांमधला मलेरिया आटोक्यात आणण्यासाठी गेलेल्या कार्लोस चागास या डॉक्टरांना १९०९ मध्ये तापाने आजारी असलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात नवाच एकपेशीय परजीवी सापडला. तो पसरवणारा ढेकणाच्या कुळातला किडा मातीच्या भिंतींच्या भेगांत दडतो आणि रात्री झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्याला चावतो, म्हणून ब्राझीलमध्ये त्याला चक्क ‘न्हावी’ म्हणतात. संसर्ग मात्र चाव्यातून होत नाही. किड्याची विष्ठा खाजवताना जखमेत किंवा डोळ्यात गेली की होतो.

त्या मुलीचे निदान सोपे होते, कारण आजार ताजा होता. काही आठवड्यांनी ताप ओसरतो, रक्तातले परजीवी अतिशय विरळ होतात आणि सूक्ष्मदर्शकाचा उपयोग जवळजवळ संपतो. त्यानंतर रक्तातील प्रतिपिंडेच शोधावी लागतात, तीही दोन वेगळ्या प्रकारच्या चाचण्यांनी. मात्र या चाचण्या संसर्ग झाल्याचे सांगतात, हृदयाचे काही सांगत नाहीत. बाधितांपैकी सुमारे ३० टक्के लोकांच्याच हृदयाला इजा होते, आणि ती बहुधा १० ते ३० वर्षांनी दिसते.

येथे साधा ईसीजी फार मोलाचा ठरतो. हृदयातील विद्युतसंदेश वाहणाऱ्या तंतूंची उजवी शाखा आणि डाव्या शाखेचा पुढचा फाटा एकाच वेळी बंद पडलेला दिसला, तर लॅटिन अमेरिकेतील डॉक्टरांना आधी चागासची शंका येते. इको तपासणीत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डाव्या खालच्या कप्प्याच्या टोकाशी पातळ भिंतीचा फुगवटा आढळतो. त्यात रक्ताची गुठळी साचून ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघात हेच या रोगाचे पहिले लक्षण ठरू शकते. ठोके अधूनमधूनच चुकत असतील, तर ते पकडण्यासाठी २४ तासांची होल्टर नोंद, म्हणजे अंगावर बांधलेल्या छोट्या यंत्राने सलग ईसीजी, घ्यावी लागते.

निदान लवकर व्हायला हवे, कारण हृदयाची हानी एकदा प्रस्थापित झाली की बेंझनिडाझोल हे परजीवीविरोधी औषध परजीवी कमी करत असले तरी पुढील बिघाड रोखत नाही, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले. आता स्पेन किंवा अमेरिकेत स्थायिक झालेल्या बोलिव्हियन रुग्णाची हृदयधमनी मोकळी असूनही हृदय दुबळे आढळले, तर त्याचे बालपण कोणत्या गावात आणि कसल्या भिंतींच्या घरात गेले, हे डॉक्टरांनी विचारायलाच हवे.